भट्टीतला शनिवार

तेर्ही : (घरून फोनवर) बाबा, वाफाऱ्याचा सौना तापलाय. अंगावर झोडायला बर्चच्या डहाळ्या भिजवून ठेवल्यात. आणि तुम्ही अजून प्रयोगशाळेतच?

ओस्मो : भट्टी चालू आहे गं.

तेर्ही : शनिवारीसुद्धा?

ओस्मो : भट्टीला वार कळत नाही.

तेर्ही : सेल्या असेलच तिथे. तुमची लाडकी विद्यार्थिनी.

ओस्मो : समोरच बसलीय. माझ्या वाटचा पाव खातेय.

तेर्ही : वेलदोड्याचा? तो मी तुमच्यासाठी भाजला होता!

ओस्मो : म्हणून तर अर्धाच दिला.

तेर्ही : मग भट्टीही तिच्यावर सोपवा. एवढी हुशार म्हणता, तिला बंद करता येत नाही?

ओस्मो : बंद करणं सोपं. कधी करायची, ते अवघड. हाडात बसवायच्या काचेचे दाणे एकमेकांना चिकटायला तर हवेत, पण उष्णता जरा पुढे गेली की...

तेर्ही : ...आत स्फटिक धरतात, आणि मग हाड तिला लवकर जवळ करत नाही. शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय.

ओस्मो : कंटाळायचीस?

तेर्ही : तेव्हा निदान मला सांगायचात.

ओस्मो : तेर्ही, तू वाट बघत असशील तर निघतो. एक तुकडा गेला तर गेला. खरंच. निघू?

तेर्ही : मी कशाला वाट बघू? लहान आहे का आता? या सावकाश. मी एकटी बसते सौनात.

ओस्मो : बरं. एक सॉसेज ठेव माझ्यासाठी.

(दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातला बर्फ उपसताना ओस्मो गेले. अंत्यविधी उरकल्यावर तेर्ही प्रयोगशाळेत आली आहे. सेल्या तिथेच आहे.)

सेल्या : कॉफी ओतू तुम्हाला?

तेर्ही : नको. त्यांच्या वस्तू घेते नि जाते. हा कप. हा स्वेटर... हा तुझ्या खुर्चीवर कसा?

सेल्या : इथे फार गारठा असतो. त्यांनीच दिला होता घालायला.

तेर्ही : माझ्या आईनं विणलाय तो.

सेल्या : माहीत आहे. कोपरापाशी टाके चुकलेत, ते तुमचे.

तेर्ही : हेही सांगून झालं होतं तर. बरं. आता तो तुकडा दे.

सेल्या : कुठला?

तेर्ही : त्या शनिवारचा. त्यांच्या हातचा शेवटचा.

सेल्या : तो आज द्रवात सोडायचाय. रक्तातल्या पाण्यासारखा द्रव असतो. त्यात ही काच हळूहळू विरते आणि तिच्यावर हाडासारखा थर धरतो. तसं झालं तरच कळेल, उष्णता बरोबर बसली होती की नाही.

तेर्ही : म्हणजे तो उरणार नाही.

सेल्या : चांगला असेल, तर आहे तसा नाही उरणार.

तेर्ही : तुला काय, असे शंभर करता येतील.

सेल्या : नाही येणार. दाणे पक्के चिकटलेत आणि तरी उजेड आरपार जातो, असा हा एकच. त्यांच्याशिवाय मला पुन्हा जमेल असं वाटत नाही.

तेर्ही : माझे सगळे शनिवार तुला मिळाले, सेल्या. माझा पाव, आईचा स्वेटर, त्यांच्या गप्पा. अंगठ्याएवढा तुकडा मला मिळू नये?

सेल्या : सगळे शनिवार नाहीत. खिडकीत बघा. तो पांढरा.

तेर्ही : हा? खडूसारखा?

सेल्या : गेल्या हिवाळ्यात तुम्ही तिकडून लांबून, औलूहून आलात. इथल्या तुर्कूच्या स्टेशनवरून फोन केलात, बस मिळत नाहीये, न्यायला या. भट्टी ऐन भरात होती. त्यांनी कोट उचलला. जाता जाता म्हणाले, दाण्यांच्या कडा जुळल्याशा दिसल्या की काढ. माझा धीरच होईना. काढला तोवर सगळा स्फटिक. हिवाळाभराचं काम वाया गेलं.

तेर्ही : मग ओरडले असतील.

सेल्या : मला? छे. मीच तुमच्या नावानं बोटं मोडली. एका फोनवर बाप धावत जातो! माझे वडील माझा फोन उचलतही नाहीत.

तेर्ही : आणि हा ठेवून कशाला दिलाय?

सेल्या : त्यांनी टाकू दिला नाही. कुणी हसलं तर म्हणायचे, ‘बिघडलेला नाही तो. तेर्ही आली त्या दिवसाचा आहे.’

तेर्ही : मग त्या शेवटच्या शनिवारी?

सेल्या : तेव्हाही कोट हातात होता. फोन ठेवला आणि परत खुंटीला अडकवला. म्हणाले, ‘सावकाश या म्हणतेय.’

तेर्ही : एवढंच म्हणाले?

सेल्या : एवढंच. मग भट्टीसमोर बसले. ऐका, तुम्ही दोन्ही तुकडे घेऊन जा. मी करून बघेन पुन्हा.

तेर्ही : नको. पांढरा नेते. दुसरा मीच द्रवात सोडते. कुपी कुठाय?

सेल्या : ही. चिमट्यानं धरा. हं, हळूच सोडा आत.

तेर्ही : सोडला.

सेल्या : झाकण लावू?

तेर्ही : थांब जरा. बाबा, वाट बघत होते मी.