बुवांचा काढा

दोन घोट घेतले की गळा मोकळा होतो म्हणतोस? मग भांडुपचं ऐक.

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. चाळीच्या पूजेला भर दुपारी भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना. आमच्या बुवांच्या पेटीवर मी. काढा म्हणून त्यांच्या थर्मासात रम असायची. दुसऱ्याच अभंगाला वरच्या 'सा'वर त्यांचा आवाज फाटला. मी पट्टी उतरवली, तरी फाटला. मंडपात कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात समोरचे बुवा, गळ्यात तुळशीची माळ, माइकवरच म्हणाले, "बुवानू, माझो पण घसो बसलो. तुमचो काढो वायच माका द्या."

नाही कसं म्हणणार? भजनात काढा एकमेकांना देतातच. मी कप भरला. त्यांनी तो तोंडाशी नेला, वास आला, थांबले. आमच्या बुवांकडे बघितलं. त्या बुवांनी माइकवर एक शब्द काढला असता, तर आमच्या बुवांना पुन्हा कुणी मंडपात उभं केलं नसतं.

त्यांनी कपावर हळूच फुंकर मारली आणि तो खाली ठेवला.

"लय गरम आसा हो. निवांदे."

गरम कसला रे! थर्मासात बर्फ मीच भरला होता.