दोन्ही खांद्यांवरून पदर

कर्वेनगरच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक साठीची, इस्त्रीच्या सुती साडीतली. दुसरी हडपसरहून नवऱ्याचा डबा घेऊन आलेली.

“आत कोण हाय तुमचं, ताई?”

“आई. आमच्या भागातून लोकसभेत गेलेली पहिली बाई.”

“मग तुमाला आत सोडत असतील.”

“खासदारकी गेली की पासही जातो. काचेबाहेरूनच बघायचं. मला सवय आहे म्हणा.”

“ती कशी?”

“शाळेत होते तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत दिल्लीला जायचे. मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत, आई खाली सभागृहात. गॅलरीतून हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही, असा नियम.”

“लेकराला कसं जमायचं वो?”

“आईनं खूण ठरवली होती. मी दिसले की ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. लोकांना वाटायचं, बाई आता चिडून बोलणार.”

“आन् तुमी?”

“मी फ्रॉकमध्ये. माझ्याकडे कुठला पदर? नुसती बघत बसायचे.”

“आता वळखतात का तुमाला?”

“महिना झाला, कुणालाच नाही. आज सकाळी मी काचेसमोर उभी राहिले आणि पदर घेतला, तिच्यासारखा, दोन्ही खांद्यांवरून.”

“मग?”

“बघत राहिली. मग हात हळूच खांद्याकडे नेला.”

“म्हंजी वळखलं की.”

“बराच वेळ खांदा चाचपत होती. अंगावर हॉस्पिटलचा गाऊन. तिच्याकडे कुठला पदर?”