अँटेना पश्चिमेलाच राहणार

सन्माननीय व्यासपीठ, आपल्या सोसायटीचे आणि आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष प्रितेशराव, खारघरहून वेळात वेळ काढून आलेले माझे चिरंजीव सुशांत, सूनबाई मिताली, आणि समोर बसलेल्या माझ्या सख्ख्या शेजाऱ्यांनो,

अंगावर शाल आहे, हातात नारळ आहे, मागे बॅनरवर ‘आशालताताईंना भावपूर्ण निरोप’ असं छापलंय. फोटोही छान आलाय हो! फक्त मी जाणार आहे का, हे मला कुणी विचारलंच नाही. ‘आई आता आमच्याकडेच राहणार’ असं सुशांतने अध्यक्षांना सांगितलं, अध्यक्षांनी मंडपवाल्याला सांगितलं, आणि मला कळलं ते समोरच्या मैनाताईंकडून.

घाई कशाची, तेही त्यांनीच सांगितलं. गच्चीवर पत्र्याची शेड घालायचीय आणि मध्ये माझा टीव्हीचा अँटेना येतो. उद्या सकाळी तो उतरवायला माणूस बोलावलाय.

नवीन मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते. सुशांतचे बाबा गेल्यावर मी केबल बंद केली. मला बातम्या आणि जुनी गाणी पुरतात, ती हवेतून येतात. आधी खिडकीत ठेवायचा छोटा अँटेना आणला. पहिल्या मजल्यावर, चहूबाजूंनी भिंती, त्याला काय दिसणार कपाळ? मग दांड्यांचा मोठा आणला आणि गच्चीवर पाइपला बांधला. सुशांत फोनवर म्हणाला, “आई, या वयात? लोक काय म्हणतील?” लोक म्हणालेच. प्रितेशरावांनी तर सल्लाही दिला, “काकू, सगळ्या डिशांची तोंडं जिकडे आहेत ना, तिकडेच तुमचंही करा.”

मी केलं. पडद्यावर मुंगीसुद्धा दिसेना! सगळे म्हणाले, काकूंचे पैसे पाण्यात गेले. मी मात्र गच्चीवर बसून विचार केला. डिश बघते आकाशातल्या उपग्रहाकडे. माझं चित्र येणार मुंबईतल्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून. मग मी यांच्या रांगेत का उभी राहू? फिरवलं त्याचं तोंड पश्चिमेला, कामोठ्याच्या इमारतींवरून थेट मुंबईकडे. खाली टीव्हीसमोर मैनाताई. त्यांचा आवाज अजून कानात आहे, “नाय आला गो! अजून फिरव! थोडा... आला, आला! आता हात नको लावू बाय!”

तेव्हापासून तो तसाच आहे. मागच्या जुलैत पावसाने तुमच्या डिशा बंद पडल्या, तेव्हा मॅच बघायला माझ्या घरी कोण कोण आलं होतं? प्रितेशराव, भजी आवडली होती ना? हसू नका, खरंच विचारतेय.

सुशांत, तुझी माया मला कळते. तुझं घर छान आहे, लिफ्ट आहे, बाग आहे. मी येईन, चार दिवस राहीन, नातवाचे लाड करीन आणि परत येईन. पण माझं तोंड कुठल्या दिशेला करायचं, ते मला न विचारता ठरवलंस, याचा राग आलाय. खूप आलाय. घरी गेल्यावर तू बांधून ठेवलेली ती खोकी सोड, माझी भांडी जागेवर लाव, मग जेवायला बसू.

आणि शेडचं म्हणाल तर जिन्याकडची अर्धी गच्ची मोकळी पडलीय, तिथे खुशाल घाला. माझ्या पाइपला कुणी हात लावला, तर मी गच्चीवर खुर्ची टाकून बसेन. मैनाताईही बसतील, त्यांनी तसं सांगितलंय.

असो. आपण इतक्या प्रेमाने जमलात, मंडप घातलात, कौतुक केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. शाल आणि नारळ ठेवून घेते, निरोप तेवढा परत करते. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हातारीला माफ करा.

आणि प्रितेशराव, परवा ‘जरा बघतो’ म्हणून नेलेली माझी गच्चीची किल्ली तुमच्या खिशात आहे. ती हातात पडेपर्यंत मी माइक सोडत नाही.