हिमालयाची थंडी आणि माझा स्वेटर

आता तुम्ही हसताय, पण त्या वर्षी वसईत कडाक्याची थंडी पडली, तिचं खापर माझ्या थोरल्या काकांनी माझ्याच डोक्यावर फोडलं होतं.

"आपल्या वाडीत कधी अशी थंडी नव्हती. तू स्वेटर विणायला घेतलास आणि ती आली!"

मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकत होते, गप्प कशी बसणार? "काका, हिमालयात बर्फ पडतो. तिकडचा वारा खाली आला की आपण गारठतो."

"हिमालयातून थेट वसईला? वाटेत थंडीला सुरत नाही लागलं?"

खरी काळजी त्यांना वाडीतल्या राजेळी केळ्यांच्या लोंगराची, म्हणजे अख्ख्या घडाची होती. तो चर्चच्या सणाला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि गारठ्याने शेजारच्यांची केळी काळी पडू लागली होती.

सोमवारी कॉलेजला निघाले, तर नुकताच विणून झालेला स्वेटर गायब. शोधत वाडीत गेले. लोंगराने माझा स्वेटर घातला होता, बाह्यांची खाली घट्ट गाठ. शेजारी काका नुसत्या बंडीत कुडकुडत उभे.

"घरात गोधड्या नव्हत्या का?"

"तूच म्हणालीस ना, थंडी हिमालयातली आहे? तिला आपली गोधडी काय कळणार? तिला लोकरच दाखवायला हवी."

मी आठवडाभर शिंकत होते. लोंगर मात्र सणाला पिवळाधमक होऊन पोचला. काका फादरना अभिमानाने म्हणाले, "पोरीला शिकवलं, ते कामाला आलं."

"काय शिकते ती?" फादरनी विचारलं.

"विणकाम."