सात गप्पी अन् एक मटमैली

...अन् हे पाहा, पुन्हा सुरू झाले! शेपट्या पसरून थरथर, थरथर... नाचा लेको, नाचा! तुम्हाले सांगतो, काचेच्या टाकीतल्या या सात माशांनी माही झोप उडवली गा!

झालं काय, हिंगण्याले आमच्या कंपनीत प्रणाली आहे, पॅकिंगले. बसमध्ये म्हणते कशी, "श्रावणभाऊ, गप्पी मासे पाळा ना, पिल्लं झाले त मले द्या!" आता भाऊ म्हणाली, पण माणसानं सगळंच ऐकायचं काय? गेलो ना जरीपटक्याच्या बाजारात! निवडून निवडून झकास घेतले, एक नारिंगी, एक निळा, एकाची शेपटी त शालूच्या पदरासारखी! दुकानदार म्हणे, "भैया, ये भी ले जाओ," अन् दाखवते काय, मटमैली, मातीच्या रंगाची मासोळी, ढबली, पोट सुटलेली! म्हटलं, हट्, फुकटातही नको!

महिने गेले, पिल्लाचा पत्ता नाही. बसमध्ये रोज, "झाले काय हो?" मी आपला लाल शर्ट, केसाले कलर, गॉगल... अन् घरी हे सात एकमेकांपुढंच नाचून राहिले. नाचा लेको, नाचा!

माही बहीण मयुरी, बीएस्सीवाली, टाकी पाहून पोट धरून हसली. "अरे दादा, सारे नर आहे! नटणं नराचं, निवडणं मादीचं. ज्याचा रंग तिच्या मनात भरते त्याचे पिल्लं, म्हणून त पिढ्यानपिढ्या हे असे रंगीन झाले!" म्हणजे सात उमेदवार घरी आणले अन् मतदार दुकानातच सोडून आलो!

धावत जाऊन तशीच एक मटमैली आणली. बाप्पा! सातही तिच्याभोवती... नारिंगी त पार वाकडा झाला नाचून! अन् ती? तळाशी दाणे खाऊन राहिली, ढुंकून पाहत नाही! पण आठवड्यात पिल्लं! म्हटलं, जमलं, रंग चालते! लगेच नारिंगी शर्ट घेतला. तर मयुरी म्हणते, "कायचा रंग, दादा? ती दुकानातूनच पोटुशी आली! पिल्लाले महिना लागते."

रविवारी प्रणाली आली पिल्लं न्यायले. मी नारिंगी शर्टात. संगं एक जण, साधा, चुरगळलेला सदरा. "श्रावणभाऊ, हे हेमराज, उमरेडचे. दिवाळीतच साखरपुडा झाला आमचा, तुम्हाले सांगायचंच राहिलं!"

दिवाळीत! म्हणजे मी गॉगल घ्यायच्याही आधी! लय लागलं गा मनाले... पण पिशवीत पाणी भरून पिल्लं मीच दिले.

अन् हे पाहा, पुन्हा सुरू झाले. नाचा लेको, नाचा... फक्त जरा सरकून नाचा, मलेही जागा द्या!