दामूचं दत्तकविधान

नाही, चहा नको काका — आणि ती बादली तेवढी उपडी घालून ठेवा ना, अंधार पडायच्या आत माझं बोलून झालं पाहिजे. भांडायला आलेली नाही मी. भांडायची ताकदच उरलेली नाही — सकाळी खारबावच्या खाडीत पोरांना घेऊन फिरायचं होतं, आली किती? दोघी. रुचिका आणि तिची मैत्रीण. बाकीची कुठेत? तुमच्या गोडाऊनच्या मागच्या भिंतीवर, रोज संध्याकाळी, कोल्ह्यासाठी मोबाइल काढून. आज सगळ्यांना फोन करकरून येऊ नका म्हटलंय, म्हणून ही शांतता — आई गं. — काही नाही, शटर पडलं कुणाचं तरी. दचकायची सवयच आहे मला, तुम्ही बसा.

सुरुवात किती साधी होती, आठवतंय? पोरांनी तिवरांतून, चिखलातून चालायचं, घरच्यांनी-ओळखीच्यांनी त्या चालण्याला देणगी द्यायची, आणि त्यातून तिवरांतल्या कोल्ह्यांसाठी काम — कुठे भराव पडतोय त्यावर लक्ष, एखादा जखमी झाला तर उपचार. तुमचा प्रितेश मांडीपर्यंत रुतला होता, बूट तिथेच राहिला, तरी हसत होता — नातू शोभतो तुमचा. आणि जो मोठी देणगी देईल त्याला 'कोल्हा दत्तक'. हा शब्द माझाच. मला काय माहीत तुम्ही खरंच… दत्तक म्हणजे नावापुरतं असतं काका, लोक वाघ दत्तक घेतात, घरी नेतात का? तुम्ही बारसं केलंत. दामू नाव ठेवलंत, काल्हेरभर घुगऱ्या वाटल्यात — मीही खाल्ल्या, वर बायजाकाकींनी डबा भरून दिला, मग कोणत्या तोंडानं बोलणार. आणि त्या दिवसापासून ही बादली. कोंबडीच्या माना, हाडं, बादलीवर पळी आपटायची आणि मागच्या गेटातून हाका मारायच्या, 'हाड घे, दामू, हाड, हाड'. मी जरा बोलले तर म्हणालात, "पोरगा दत्तक घ्यायचा न उपाशी ठेवायचा? आमच्यात आसा न्हाय." सगळे हसले. मीही हसले.

परवा राहनाळच्या रस्त्यावर कंटेनरखाली मेला तो — नाही, दामू नाही, बसा, बसा तुम्ही. दामूचा डावा कान फाटका आहे, त्याचे दोन्ही धड होते. पण तो रस्त्यावर आला कशाला? तुमच्या बादलीपायी माणसाची भीती विसरला म्हणून. दामूही विसरलाय. पलीकडच्या गोडाऊनमध्ये एका ड्रायव्हरच्या मागे मागे गेला, हातातल्या डब्यासाठी — तो बिचारा डब्यासकट केबिनमध्ये चढून बसला. आता हमालांनी रॉड काढून ठेवलेत. दिसला की मारणार. त्यांना तरी कसं चुकीचं म्हणू? त्यांना तो पिसाळलेला वाटतो — काय? कान? कान फाटका मला कसा माहीत? — फोटोत दिसतो की. फोटोत… नाही दिसत. मीही येते इथे काका, संध्याकाळी. तुमच्या पाण्याच्या टाकीमागे उभी राहते. कॉलेजात असल्यापासून खाडी तुडवतेय, पोरांना ठसे दाखवते, विष्ठा दाखवते, लांबून कोल्हेकुई ऐकवते — आणि कोल्हा मला एकदाही दिसलेला नव्हता. इथे दिसला. तुमच्या बादलीशी. म्हणून इतके दिवस गप्प — म्हणजे म्हणूनच असं नाही, पण. जाऊ दे. दमलेय मी, काहीही बोलतेय.

तर करायचं एवढंच. बादली वाजवायची नाही. तो आला की हाकलायचं, ओरडून, पाय आपटून, आज, उद्या, परवा — तो घाबरेपर्यंत. घाबरला तर जगेल. तुम्हीच हाकला, तुमचं ऐकेल तो. — असं नका ना बघू. — बरं, राहू दे. बापानं हाकलायचं म्हणजे… कळतंय मला. मग मीच, दुसरं कोण. घरात साधी पाल हाकलता येत नाही मला, मम्मी झाडू घेऊन येते आणि मी कॉटवर —

काय झालं? कुठे बघताय?

माझ्या मागे?

हलू नका. — हो, दिसला. गेटातच बसलाय. किती वाट बघत असल्यासारखा बसलाय हो. — नाही, करते. करते मी. हाड. — हाड. जा ना रे. हाड, दामू, हाड — काका, मी ओरडतेय आणि हा पुढेच येतोय.