आत्याने थांबवलेली धडधड

नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन मी आत्याला आणायला देवळाली प्रवराला गेलो होतो, तेव्हाची गंमत ऐका! गाडीचा आवाजच नाही, म्हणून मी जाम खुशीत. पण हायवेला लागलो आणि मागे बसलेली आत्या कान चोळायला लागली.

"कानाला दडंच बसलं रं. जरा वारा घेते," म्हणत तिने आपल्या बाजूची काच खाली केली. आणि लगेच धब-धब-धब! जणू कानातच ढोल वाजतोय! मला वाटलं, बॅटरी फुटतेय. गाडी कडेला घेतली आणि आत्याला हाताला धरून पार उसाच्या बांधापर्यंत पळवलं.

मी शोरूमला फोन लावतोय, तोवर आत्या परत गाडीत जाऊन बसली.

"चल रं! वारा आत घुसतोय, पन त्याला भायेर जायला वाट न्हाई. तुझी काच बी उघड."

मी काच उघडून भीतभीतच निघालो, तर सगळं शांत! कानही मोकळे! मी आनंदाने ओरडलोच.

आत्याने विचारलं, "तू कालिजात पोरांना काय शिकवतोस रं?"

खोटं कसं बोलणार? म्हणालो, "हवेचा दाब."